तिसरा रेग्युलेटर

“त्या बेवड्याच्या झिलांका मी माझी वस्तू देवचंय नाय. उठा. आदी पडवीवरसून उठा.”

जगूभाऊ मेथर हे बोलला तेव्हा मी त्याच्याच घरचा चहा पीत होतो. कप मी खाली ठेवला नाही. ठेवला असता तर फुटला असता.

“बेवडो कोणाक म्हणतंस रे म्हाताऱ्या?” मी बोललो.

“हऱ्या,” दादा बोलला.

“नाय, बोलांदे तेका. परत बोल. माझ्या बापाशीक काय म्हटलंस तां परत बोल.”

“हऱ्या, बस खाली.”

“परत कित्याक, रोज बोलतलंय,” म्हातारा बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच राग आला. “बाळा तारी दारू पिवन पाण्यात गेलो आणि मेलो. आख्ख्या बंदराक म्हायत आसा. मी होडयेत दोरी धरून बसलेलंय. तू होतंस थय?”

मी नव्हतो. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो.

आता वीस व्हायला आलो, म्हणजे बघा, ह्या पडवीवरच्या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली. तेव्हा आम्ही वेंगुर्ल्याला जुने रेग्युलेटर घ्यायला गेलो होतो. गॅसचे नव्हे. पाण्याखाली जाणारा माणूस पाठीवर सिलिंडर बांधतो, त्या सिलिंडरमधली हवा त्याच्या तोंडात बेताने सोडणारं यंत्र असतं, ते रेग्युलेटर. ते बिघडलं की बाकी सगळं असून नसल्यासारखं.

आमच्या देवबागेत तेव्हा दर दुसऱ्या घराने स्कूबाची बोट काढली होती. पर्यटक यायचे, मासे बघायचे, पाण्याखाली फोटो काढून घ्यायचे आणि वर येऊन उलट्या करायचे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ उल्हास, एका मालकाच्या बोटीवर कामाला होता. सिलिंडर भर, सिलिंडर उचल, पर्यटकाच्या पायात ते बदकासारखे पंख चढव. पोहण्यात त्याचा हात धरणारं आख्ख्या किनाऱ्यावर कोणी नव्हतं, तरी मालक त्याला खाली सोडायचा नाही. “तारींच्या घरातलो तू. उद्या कायतरी झाला तर लोक माका इचारतले, बापाशीचा म्हायत होता मगे झिलाक सोडलंस कित्याक?” असं तोंडावर बोलायचा. दादा ऐकून घ्यायचा आणि सिलिंडर उचलायचा. तो सगळंच ऐकून घ्यायचा. मला त्याचा वैताग यायचा.

मी ऐकून घेत नसे. शाळा मी नववीत सोडली ती त्यापायी. वर्गातल्या एकाने माझ्या बाकावर बाटलीचं चित्र काढलं आणि खाली ‘तारी’ लिहिलं. मी त्याचा दात पाडला. सर म्हणाले माफी माग. मी म्हटलं आधी त्याने मागू दे. ते भांडण अजून मिटलेलं नाही, शाळेचं आणि माझं.

तर, स्वतःची बोट काढायची हा एकच रस्ता होता. बाबाची जुनी पात होती, म्हणजे लाकडी होडी, ती दादाने लाकूड बदलून, रंग काढून उभी केली. सिलिंडर भाड्याने मिळणार होते. अडलं ते रेग्युलेटरपाशी. नवीन घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग एक दिवस दादाच्या मोबाइलवर कुठूनतरी फिरत फिरत एक फोटो आला. गोधडीवर मांडलेले तीन रेग्युलेटर, पार जुन्या जमान्यातले. आताच्याला एकच बारीक नळी असते. ह्यांना दोन जाडजूड नळ्या, म्हशीच्या गळ्यात घालाव्यात तशा, मध्ये तोंडात धरायचं रबर आणि मागे पितळेचा गोल डबा. खाली लिहिलेलं, ‘जुने रेग्युलेटर विकणे आहेत, वेंगुर्ला.’

दादाने फोन लावला. पलीकडे बाई होती. ती आधी हसलीच. म्हणाली, “सकाळपासून फोन येतत. सगळे इचारतत, ग्यास गळता काय? तुमीच पयले समजून फोन केलास.”

“ह्या भंगार घेवन काय पूजा घालतलंस?” मी दादाला विचारलं.

“आमच्या दोघांका चलतत. पर्यटकांका भाड्यान नवीन आणूया. पितळ मरणा नाय. रबर मी बदलतंय.”

“कोणाचे ते?”

“आसा कोणतरी म्हातारो. हऱ्या, एक आईक. थय गेल्यार तू तोंड उघडायचा नाय. नाव-गाव इचारल्यानी तर मी सांगतलंय.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एसटीत सिलिंडर घेऊन चढलो. तपासून घ्यायला भरलेला सिलिंडर लागतो, तो दादाने मालकाकडून मागून आणला आणि गोणपाटात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

“ह्या काय? ग्यास नेवक देणत नाय.”

“ग्यास नाय,” दादा बोलला. “वारो आसा.”

“वारो?”

“वारोच. भरलेलो.”

“म्हणजे देवगडापासून रेडीपर्यंत वारो सुटलेलो आसा, तो तुमका पुरणा नाय? डब्यात भरून नेतास?”

गाडी हसली. मागून एक म्हातारी बोलली, “जपा रे, फुटलो तर छप्पर जातला.” दादाही हसला. आमच्याकडे सिलिंडरमधल्या हवेला वारोच म्हणायचे सगळे. वारो भरलंस काय, वारो संपलो, वारो सोड. शब्द एकच, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं, चिऱ्याचं, पुढे सारवलेलं खळं आणि मागे समुद्र. जगूभाऊ आरामखुर्चीत बसलेला. उंच माणूस असणार कधीकाळी, आता घडी घातल्यासारखा दिसत होता. बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायचा. सून चहा घेऊन आली. रेवती तिचं नाव, फोनवर हसलेली तीच.

गोधडीवर रेग्युलेटर मांडलेले. दोन. फोटोत तीन होते. मी मान वळवली तर आतल्या खोलीत दाराच्या मागे खुंटीवर एक जुना पंचा टांगलेला, आणि पंच्याखालून काळ्या नळीचं वेटोळं दिसत होतं. मी काही बोललो नाही. तोंड उघडायचं नव्हतं ना.

दादाने एक उचलला, वास घेतला, नळी ताणून बघितली. म्हातारा त्याच्या हातांकडे बघत होता.

“हात तयार आसत तुझे. खंयचो तू?”

“देवबाग.”

“देवबागेतलो कोणाचो?”

“आमी आपले...” दादा चाचरला. “मोबारवाडीतले.”

“मोबारवाडीत धा घरा आसत. कोणाचो?”

हे असं चोरासारखं तोंड लपवणं मला जमत नाही. तेव्हाही जमत नव्हतं.

“बाळा तारीचे,” मी बोललो. “दोघव.”

म्हातारा खुर्चीत सरळ झाला. आणि मग ते बोलला, जे मी सुरुवातीला सांगितलं.

“दोरी धरून बसलेलंय,” असं तो म्हणाला आणि बाबासोबत शेवटी होता तो हाच, हे मला कळलं, तेव्हा मी दादाकडे बघितलं. दादा गोधडीकडे बघत होता.

“तुका म्हायत होता,” मी बोललो. “ह्यो कोण तां तुका म्हायत होता.”

“होता.”

“आणि तरीव माका ह्येच्या दारात आणलंस? ह्येचो च्या पाजलंस?”

“रेग्युलेटर दुसऱ्या कोणाकडे नाय, हऱ्या.” दादाचा आवाज असा होता, जसा दिवसभर सिलिंडर वाहून झाल्यावर असायचा. “माका भांडाचा नाय. माका बोट काढायची आसा. लोक काय बोलतत तां मी रोज आईकतंय. हय येवन आणि एकदा आईकला, तेना काय झाला?”

त्याला मारावं असं मला वाटलं. म्हाताऱ्याला नंतर, आधी दादाला.

तेवढ्यात रेवती दारात आली, हाताला पीठ. “मामंजी, घेणाऱ्याचो बापूस काय करी होतो तां इचारून कोण भांडी इकता? ह्या भंगार आज घराभायर गेला नाय तर मी बावीत टाकतलंय. माळ्यार उंदरांनी घर केल्यानी त्येच्यात.”

“तुका काय कळता त्येतला?”

“उंदीर कळतत.”

म्हाताऱ्याने श्वास गोळा केला. मग हात झटकला. “ते दोन घेवा आणि जावा. माका ह्या लोकांची थोबाडा बघूची नाय.”

दादाने गोणपाट सोडलं. सिलिंडर उभा केला, त्यावर पहिला रेग्युलेटर बसवला, पकड आवळली, तोटी फिरवली. हवा आत शिरताना नळ्या जराशा हलल्या. जनावर जागं होताना कूस बदलतं तशा. रेवतीने न सांगता मिठाचं गरम पाणी आणून ठेवलं, तोंडात धरायचं रबर धुवायला. “मामंजींचा उष्टा तां,” ती बोलली.

दादाने धुतलं, तोंडात धरलं. घर्रर्र असा आवाज आला, मग सुस्कारा, मग परत घर्रर्र. त्याने डोळे मिटले. मग माझ्याकडे दिला. मी घेतला. हवा सुरसुरत आली, गार, पितळेची चव असलेली. ओढावी लागतच नव्हती. आपली छातीत येऊन बसायची. दुसराही तसाच. इतकी वर्षं माळ्यावर पडून उंदरांनी नळीचा वरचा थर कुरतडलेला, तरी हवा सरळ.

“बरे आसत,” दादा बोलला.

“बरे म्हणजे? नेव्हीच्या लिलावातले ते. माझ्या हातान ठेवलेले,” म्हातारा पुटपुटला. बघितलं तर तो त्या आवाजाकडे कान लावून बसला होता. घर्रर्र झालं की त्याची छातीही थोडी वर यायची.

आता निघायचं एवढंच राहिलं होतं. दादा पकड सोडवायला लागला. मी बोललो, “तिसरो खंय?”

“तिसरो नाय,” म्हातारा.

“फोटोत होतो.”

“फोटो सुनेन काढल्यान. तो इकूचो नाय.”

“आत खुंटीवर आसा. पंच्याखाली.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. “डोळे बापाशीचेच आसत तुझे,” तो बोलला, आणि ते काही प्रेमाने नव्हतं. “तो त्येचोच रेग्युलेटर. त्येच्या तोंडातसून काढलेलो. त्या दिसापासून मी खाली गेलंय नाय आणि तो कोणाच्या तोंडाक लागूक नाय. मेलेल्याचो उष्टो. कोण घेतलो?”

मी उठलो आणि आत गेलो. परवानगी वगैरे काही नाही. मागून म्हातारा ओरडला, खुर्ची करकरली, मग दादाचा आवाज आला, “घेवंदे त्येका, भाऊ.” बस एवढंच.

पंचा काढला. त्याच्या घडीत कोळ्यांची जाळी झाली होती. हा रेग्युलेटर बाकी दोघांसारखाच होता, उलट जास्त शाबूत, माळ्यावर नव्हता ना. फक्त पितळ हिरवं पडलेलं. रबरावर दातांचे खड्डे होते. बाबा मला आठवत नाही. त्याचा एकच फोटो आहे घरात, त्यात तो उन्हात डोळे बारीक करून हसतोय, तोंड मिटलेलं. त्याचे दात मी पहिल्यांदा बघितले ते असे.

पडवीवर आणून मी तो दादापुढे ठेवला. “लाव.”

“हऱ्या...”

“लाव म्हटलंय.”

दादाने लावला. रेवतीने मिठाचं पाणी पुढे सरकवलं. मी ते बाजूला केलं. “माझ्या बापाशीचा उष्टा माका चलता.”

तोंडात धरला. माझे दात त्या खड्ड्यांत बसले नाहीत. बाबाचा जबडा रुंद असणार. मी श्वास ओढला.

आली नाही. म्हणजे आली, पण ओल्या फडक्यातून पाणी चोखून घ्यावं तशी. मी जोर लावला. गालफडं आत गेली, कानात दडे बसले, तेव्हा कुठे घोटभर आली. परत ओढला. परत तेच. चार श्वासांत माझी छाती दुखायला लागली आणि मी तर कोरड्या पडवीवर बसलेलो होतो. मी रबर तोंडातून काढलं.

“दादा, ह्येचो वारो जड आसा.”

खुर्ची करकरली नाही. मी सहज म्हाताऱ्याकडे बघितलं, तर तो मान वर करून माडांच्या शेंड्यांकडे बघत होता. वारा बघताना बघतात तसा. दुपारची वेळ, समुद्र तेल ओतल्यासारखा, एक झावळ हलत नव्हती.

मग त्याने मान खाली आणली.

“काय म्हटलंस?”

“वारो जड येता. घेवन बघ.”

“नाय. आदी म्हटलंस तसा म्हण.”

“वारो जड आसा.”

म्हाताऱ्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर घसरला. रेवती पुढे झाली, “मामंजी, पाणी देव?” त्याने तिला थांबवलं.

“बाळान ह्याच म्हटल्यान,” तो बोलला. “अगदी ह्याच.”

तो आपणहून बोलत गेला, थांबत, श्वास घेत.

“बुडालेल्या ट्रॉलराक वायर बांधूची होती. एकदा जावन इलो. परत खाली जावच्या आदी होडयेच्या कडेक बसान तेना दोन-तीन श्वास घेतल्यान आणि माका म्हटल्यान, ‘जगू, आज वारो जड आसा.’ मी समुद्राकडे बघितलंय. असोच होतो, आतासारखो. बांगडो उडालो तरी दिसात असो. मी म्हटलंय, ‘खंय आसा रे वारो? सकाळीच घेतलंस काय?’ तो हसलो. तुमचो बापूस कशाकव हसा. हसलो आणि गेलो खाली.” तो थांबला. “मगे वर काढलो तेवा पोलिसांनी इचारल्यानी, गावान इचारल्यान. मी सांगितलंय, शुद्धीत नव्हतो तो. पान हलत नव्हता आणि वारो जड आसा म्हणत होतो. प्यालेलो माणूसच असा बोलतलो. माका तसाच वाटला. देवाशपथ तसाच वाटला.”

“तुमी कधी लावन बघलास नाय?” दादाने विचारलं. “ह्यो?”

“मेलेल्याच्या तोंडातलो?” म्हाताऱ्याने नुसती मान हलवली.

“रबर सुकलेला असात,” रेवती हळूच बोलली. तिला सासऱ्याची कीव आली असावी. “इतक्या वर्षांत.”

“ते दोन तितकेच जुने,” दादा म्हणाला. त्याने पिशवीतून पाना काढला होता. सिलिंडरला जोडतात त्या तोंडाशी आत एक बोराएवढी पितळेची जाळी असते, हवा गाळून घेणारी. दादाने आधी पहिल्या दोन रेग्युलेटरांच्या काढून दाखवल्या. पिवळ्याधमक. मग तिसऱ्याची. ती निघत नव्हती, पान्याने ठोकून काढावी लागली. तळहातावर घेऊन त्याने म्हाताऱ्यापुढे धरली.

लाल होती. विटेसारखी. बोट लावलं की बोटाला रंग लागत होता. गंजाने अशी भरलेली की आरपार उजेड दिसत नव्हता.

“ह्यो सिलिंडरातलो गंज,” दादा बोलला. “वारो भायर येवकच वाट नव्हती. वर एवढो जड, तर खाली काय झाला असात.” मग थांबला. “सिलिंडर कोणाचो होतो, भाऊ?”

“माझो,” म्हातारा बोलला.

लहानपणापासून मला वाटायचं, की बाबाचं काय झालं ते ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मी कोणालातरी मारणार. जाम मारणार. कोण ते ठरलेलं नव्हतं, मारणं ठरलेलं होतं. आणि आता तो समोर बसला होता, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा, हनुवटीवर थुंकी आलेला एक म्हातारा. हात उचलायचासुद्धा कंटाळा आला मला. आयुष्यात पहिल्यांदा मी इतका दमलो होतो आणि सकाळपासून मी फक्त एक सिलिंडर मांडीवर घेऊन बसलो होतो.

दादाने सामान आवरलं. गोणपाट गुंडाळलं. मग उभा राहून म्हाताऱ्याला बोलला, “आमच्या आवशीक येवन सांगशात?”

“काय सांगू?”

“आता आमका सांगितलास तां. तसाच.”

“येतंय कधीतरी.”

“कधीतरी नाय. आता गाडी आसा.”

रेवतीने आतून सासऱ्याचा सदरा आणला आणि त्याच्या हातात दिला.

परतीच्या गाडीत म्हातारा खिडकीशी बसला. मांडीवर तिसरा रेग्युलेटर. त्यानेच घेतला, मला देईना. मी मधे, सिलिंडर घेऊन. दादा कडेला. कंडक्टर दुसरा होता, पण गोणपाट बघून तोही थांबला.

“ह्येच्यात काय आसा?”

दादाने तोंड उघडलं. मग मिटलं. मग बोलला, “हवा.”

कंडक्टरने तिकिटं दिली आणि पुढे गेला.

घरी पोचलो तर आई मागच्या दारी कालवं फोडत बसली होती. जगूभाऊला तिने लगेच ओळखलं. उठली नाही. कोयता चालू ठेवला. म्हातारा तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळं बोलला, होडी, समुद्र, बाबाचं वाक्य, स्वतःचं वाक्य, गंज, सगळं. मधे दम लागला तेव्हा दादाने पाट दिला, पण तो बसला नाही. बोलून झाल्यावर वाट बघत राहिला. मीही बघत होतो. मला वाटलं, आता आई रडेल, नाहीतर त्याला शिव्या घालेल. हातात कोयता होताच.

आईने एक कालव फोडलं, आतलं टोपात टाकलं, शिंपी फेकली.

“सोमवार होतो,” ती बोलली. “सोमवारी ते घेयत नसत. इतर दिवशी घेयत, मी नाय म्हणूचंय नाय. सोमवारी नाय. मी तेवाच सगळ्यांका सांगितलंय. कोणी आईकला नाय.”

“होय,” म्हातारा बोलला.

“तुमकाव सांगितलंय होता. बंदरावर. पाया पडान सांगितलंय.”

“होय.”

तिने आणखी दोन कालवं फोडली. मग ती म्हणाली, “बसा. हऱ्या, च्या ठेव त्येंका.”

मी चहा ठेवला. मी. त्याच्यासाठी. परत आलो तेव्हा रेग्युलेटर आईच्या हातात होता. ती रबरावरून अंगठा फिरवत होती, त्या खड्ड्यांवरून, एकेका. तिला बसत होते की नाही कोण जाणे. मग उठली, न्हाणीत गेली आणि चिंचेच्या कोळाने पितळ घासायला बसली. देवाची भांडी घासते तशी. रबर मात्र तिने धुतलं नाही. चिंच लागू नये म्हणून ते पदरात धरून ठेवलं होतं.

जगूभाऊ त्यानंतर देवबागेच्या बंदरावर गेला, तारकर्लीत गेला, भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला. सगळ्यांनी मानलं असं नाही. म्हातारचळ लागला म्हणणारेही होते. दादाच्या मालकाने तर सांगितलं, आता एवढ्या वर्षांनी काय त्याचं. पुढच्या पावसाळ्यात म्हातारा गेला. रेवतीने फोन करून कळवलं. दादा गेला होता खांद्याला. मी नाही गेलो. माझं आणि त्याचं सगळं मिटलं असं मी कधी म्हटलेलं नाही.

आमची बोट निघाली. ते दोन जुने आम्ही दोघं वापरतो. पर्यटक हसतात, फोटो काढतात. तिसरा घरी आहे, आईच्या देव्हाऱ्याशेजारी. जाळी दादाने नवी बसवलीय, लाल झालेली मात्र तिथेच एका वाटीत ठेवलीय. आणि आमच्या बोटीवर एक आहे, की सिलिंडरात असते ती हवा. बाहेर असतो तो वारा. दोन्हीला एक शब्द वापरायचा नाही, म्हणजे नाही. आज सकाळी कामावर आलेला नवीन माणूस रेग्युलेटर तोंडाला लावून सहज बोलून गेला, “वारो जरा कमी येता हां ह्येचो,” आणि मी त्याच्या अंगावर असा धावून गेलो की तो बिचारा पाण्यातच पडला. वर येऊन विचारत होता, मी काय वाईट बोललो? मी सांगितलं नाही. सांगायला बसलो असतो तर हे सगळं सांगावं लागलं असतं.

त्याचा रेग्युलेटर मात्र मी बाजूला काढला. जाळी उघडून बघितली. साफ होती.

दादा हाका मारतोय. पर्यटक बसलेत, समुद्र आज निवांत आहे, झावळ हलत नाही. मला आता निघायला हवं.